अनोळखी नदीचे पाहुणे

आमच्या मेव्हण्याने व्हँकुव्हरहून एक फोटो पाठवला आणि आमच्या घरची शांतता ढवळून निघाली. फोटोत मेव्हणा फ्रेझर नदीच्या काठी गुडघाभर पाण्यात उभा. अंगात रबरी विजार, डोक्याला कानटोपी, आणि बारशाच्या दिवशी आत्याबाईने मूल धरावे तसा दोन्ही हातांवर धरलेला एक हातभर लांबीचा, रुपेरी मासा. खाली लिहिले होते, 'सॅमन. काठावरून धरला. तीन तास लागले.'

"हा लहानपणी घंगाळातल्या पाण्यालाही भ्यायचा!" सौ. म्हणाली. सख्ख्या भावाचे कौतुक करण्याची तिच्या माहेरची हीच पद्धत आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही मात्र नुसत्या गप्पा मारता. भाट्याच्या खाडीत हे धरले अन् ते धरले. आम्ही कधी पाहिले नाही बाई!"

वाचकहो, मी जातीचा रत्नागिरीकर. भाट्याच्या खाडीवर वडिलांचे बोट धरून गळ टाकायला शिकलो. शेंगाळे धरले, तांबोशी धरली, काळुंद्रे धरली. पण नोकरीच्या निमित्ताने मुंबईस आलो आणि मासे धरायची जागा मंडईतल्या कोळणीच्या टोपलीने घेतली. तेव्हा हा टोमणा मला लागला, हे कबूल करतो.

"सॅमन काय, आपण नेहमी खातो," मी उसने अवसान आणून म्हटले. "हॉटेलातली माणसे रावसाला इंडियन सॅल्मनच म्हणतात."

म्हणतात खरे, पण रावसाचा आणि सॅमनचा काडीचाही संबंध नाही. रावस आपल्या किनाऱ्याचा, समुद्रात आणि खाडीत राहणारा. सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो, आणि अंडी घालायची वेळ आली की शेकडो मैल उलटे पोहत आपल्या जन्माच्या ओढ्यात परत येतो. आपल्या नद्यांत तो नाही. मात्र आपल्याकडे आलेल्या साहेबाला सॅमनची आठवण करून देणारा एक मासा इथे भेटला होता. तो महाशीर. हेन्री सलिव्हन थॉमस नावाच्या मद्रासकडच्या एका मुलकी अधिकाऱ्याने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' नावाचे पुस्तक लिहिले आणि गळाला लागल्यावर झुंज देण्यात महाशीर सॅमनलाही हार जात नाही, असे आपल्या देशबांधवांना बजावून सांगितले.

हा महाशीर आपल्या कृष्णेतही आहे, आणि कृष्णेकडे जाण्याचे आम्हांला निमित्त होते. आमचे चिरंजीव, वय वर्षे बारा, गेल्या जूनपासून पाचगणीच्या एका वसतिगृहाच्या शाळेत होते. आम्ही दोघेही नोकरी करणारे, माझी नोकरी फिरतीची. चांगली शाळा, चांगली हवा, असा सगळा हिशेब करून आम्ही त्याला तिथे ठेवले होते. फेब्रुवारीत पालकांच्या भेटीचा शनिवार-रविवार होता. त्याच्या आधल्या आठवड्यात त्याचे पत्र आले. पत्रात दोनच वाक्ये होती. 'इथे सगळे चांगले आहे. मला घरी घेऊन जा.'

सौ.ने ते पत्र चारदा वाचले, घडी करून पर्समध्ये ठेवले आणि त्यावर एक अक्षर बोलली नाही. मी माळ्यावरून गळाची पिशवी काढली. बापलेकांनी समोरासमोर बसून जे बोलायचे ते बोलता येत नसेल, तर दोघांनी एकाच दिशेला पाहत बसावे, हे मी माझ्या वडिलांकडून शिकलो होतो.

पाचगणी आहे सुमारे सव्वाचार हजार फुटांवर आणि वाई त्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक उंचीवर. टेबललँडच्या कडेला उभे राहिले म्हणजे खाली कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे निळे पाणी दिसते. पसरणीचा घाट उतरून बाराएक किलोमीटर गेले की वाई. शनिवारी सकाळी आई स्ट्रॉबेरीच्या बागा पाहायला एका मैत्रिणीबरोबर गेली आणि आम्ही दोघे नदीवर निघालो. चिरंजीव वाटेत तीन शब्द बोलले. "हो", "नाही" आणि "माहीत नाही".

वाईचे घाट म्हणजे देवाचे आणि माणसांचे. ढोल्या गणपतीच्या समोर गळ टाकून बसण्याइतका मी निर्लज्ज नाही. तो गणपती रास्त्यांनी १७६२ साली बसवला; त्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माशांना तेवढे अभय हवेच. वर मेणवलीलाही नाना फडणिसांचा घाट आहे आणि वसईच्या मोहिमेतून आलेली ती प्रसिद्ध घंटा आहे, तिथेही नको. म्हणून आम्ही वस्ती सोडून लांब, करंजांच्या सावलीत एक एकान्त जागा पाहिली.

तिथे मी काय काय चुकलो ते आता सांगतो, कारण अनोळखी नदीवर जाणाऱ्या प्रत्येकाने ह्याच चुका करायच्या असतात.

पहिली चूक. मी कोणाला काही विचारले नाही. खाडीवर चाळीस वर्षांपूर्वी शिकलेल्या विद्येवर मी निर्धास्त होतो. पण खाडीची विद्या म्हणजे भरती-ओहोटीची विद्या. पाणी चढू लागले की मासा काठाला येतो, उतरू लागले की तोंडाशी जातो. घड्याळ चंद्राच्या हातात. कृष्णेला भरती कुठली? पाणी एकाच दिशेने, आपल्या नादात चाललेले. मी भरतीची वाट पाहावी तसा बसून राहिलो.

दुसरी चूक. मुंबईच्या दुकानातून मी एक चकचकीत पितळी चमचा आणला होता. तो पाण्यातून ओढला की लहान माशासारखा लवलवतो आणि मोठा मासा त्यावर झेप घेतो. दुकानदाराने तसे सांगितले होते. तिसऱ्याच फेकीला तो चमचा तळाच्या खडकांत असा अडकला की शेवटी दोरी तोडावी लागली. साडेतीनशे रुपये कृष्णार्पण झाले. हा शब्द इतक्या अक्षरशः खरा होईल असे वाटले नव्हते.

तिसरी चूक सर्वांत मोठी. आम्ही पाण्यातल्या एका सपाट खडकावर जाऊन बसलो होतो. दुपारी बाराच्या सुमारास चिरंजीव म्हणाले, "बाबा, आपली चप्पल." पाहतो तो खालच्या दगडावर ठेवलेली चप्पल पाण्यावर तरंगत वाईकडे निघालेली. पाणी हळूहळू, आवाज न करता वीतभर चढले होते. आम्ही पिशवी डोक्यावर घेऊन, गुडघाभर पाण्यातून कसेबसे काठ गाठला.

काठावर एक म्हातारे गृहस्थ बैल पाण्यावर घेऊन आले होते. ते आमची ही वरात शांतपणे पाहत होते.

"काय वो पाव्हणं, मुंबईचं का?"

हे त्यांनी कसे ओळखले, ते मी विचारले नाही.

"वरनं पाणी सोडलंय," ते म्हणाले. "धरणाखालची नदी हाय ही. तिला तिचं मन न्हाई. सोडलं की चढती, बंद केलं की उतरती. दगडाचा वला पट्टा बगायचा. जितवर दगूड काळा, तितवर पाणी येनार. पोराला घिऊन मधल्या दगडावर बसत्यात व्हय?"

मी मान खाली घातली. दोष दुसऱ्या कोणाचाही नव्हता. एका वाक्यात विचारले असते तर एका वाक्यात कळले असते. तो ओला काळा पट्टा तिथे प्रत्येक दगडावर लिहून ठेवलेला होता. मला तो वाचता येत नव्हता, इतकेच.

आम्ही त्यांना आबा म्हणू लागलो आणि त्यांनी आम्हांला नदी दाखवली. इथे गळाने मासे धरायला कोणाची हरकत नसते, पण वर धरणाच्या जलाशयात धरायचे तर मासेमारीचा ठेका असतो, तिथे विचारल्याशिवाय जायचे नाही, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितले. मग काठाने चालवत नेऊन एका वळणावर उभे केले. प्रवाह खडकांतून खळखळत उतरत होता आणि खाली एका डोहात शांत होत होता. डोहावर एक जुने उंबराचे झाड कलले होते.

"गप ऱ्हावा आन् बगा."

आम्ही पाहत राहिलो. उंबराचे एक फळ टपकन् पाण्यात पडले. फळ दोन हात वाहत गेले असेल नसेल, पाण्याला खालून एक भोवरा पडला आणि फळ नाहीसे झाले.

"खडशी," आबा म्हणाले.

चिरंजीवांनी त्या दिवसातला पहिला प्रश्न विचारला. "मासे फळं खातात?"

खातात. महाशीर काय खात नाही ते विचारावे. फळे, शेवाळ, किडे, शिंपले, लहान मासे, सगळे चालते. त्याच्या जबड्यात दात नसतात. दात असतात घशात, आणि तिथे तो शिंपलेसुद्धा चुरडतो. तोंड जाड ओठांचे, त्याला चार मिशा, अंगावर मोठे खवले. आबांनी जे नाव घेतले, त्या खडशीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. कर्नल साइक्स नावाचा एक इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकात दख्खनची मोजदाद करीत हिंडला. त्याने इथल्या माशांची नोंद केली तेव्हा पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या ह्या माशाला १८३९ साली शास्त्रीय नाव दिले, आणि ते देताना आपल्या लोकांच्या तोंडचाच शब्द उचलला, 'खुद्री'. आज जगातल्या कोणत्याही ग्रंथात पाहा, त्याचे नाव 'तोर खुद्री' असेच सापडेल. आबांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग? खडशीला खडशी न्हाई म्हननार तर काय म्हननार?"

रविवारी सकाळी आम्ही तिघेही गेलो. सौ. डबा घेऊन उंबराखाली बसली. आबांनी माझी उरलेली चकचकीत आयुधे पिशवीत परत ठेवायला लावली. एक साधा गळ, वर हाताच्या अंतरावर शिशाचा लहानसा मणी, आणि गळाला पिकलेले उंबर. एवढेच. काठावर पाय आपटायचे नाहीत, पाण्यावर सावली पडू द्यायची नाही, आणि आमिष डोहात फेकायचे नाही. वरच्या खळखळाटात सोडून द्यायचे म्हणजे झाडावरून पडल्यासारखे ते आपसूक वाहत येते. काठी चिरंजीवांच्या हातात दिली. मी शेजारी बसलो, दोघांचीही तोंडे पाण्याकडे.

बराच वेळ काही झाले नाही. दोन चिलापी मात्र लागल्या. ही मूळची आफ्रिकेची तिलापिया. आता आपल्या धरणांत आणि नद्यांत घरच्यासारखी नांदते. त्या आबांनी मुकाट्याने आपल्या पिशवीत टाकल्या.

मग चिरंजीव पाण्याकडे पाहतच म्हणाले, "मामाच्या नदीतले मासे परत कसे येतात? वाट कशी सापडते?"

मला जेवढे माहीत होते तेवढे सांगितले. सॅमनला आपल्या ओढ्याच्या पाण्याचा वास लक्षात राहतो, असे शास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखवले आहे. पण वास लक्षात असून भागत नाही, वाट मोकळी लागते. फ्रेझर नदीवरच हेल्स गेट नावाची एक अरुंद घळ आहे. तिथे १९१३-१४ साली रेल्वेच्या कामात दरडी कोसळून नदी इतकी आवळली गेली की सॅमनना वर जाताच येईना. ते घळीखाली लाखांनी अडकले. पुढे चाळीसच्या दशकात तिथे माशांसाठी खास वाटा बांधल्या, तेव्हा कुठे ते पुन्हा वर जाऊ लागले.

"आणि ही खडशी?"

खडशी समुद्रात जात नाही. पण पावसाळ्यात पाणी चढले की तीही अंडी घालायला वरच्या उथळ, खडकाळ पाण्याकडे निघते. वर आता धोमचे धरण आहे. तेव्हा ह्या डोहातल्या खडशीला जुन्या महाबळेश्वराकडची वाट बंद. जे काही करायचे ते ह्याच पाण्यात.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तिला विचारलं नसेल कोणी."

त्याच्या आवाजात राग नव्हता. पण मागे सौ.च्या हातातले डब्याचे झाकण वाजले, आणि मला कळले की त्या दोन वाक्यांच्या पत्राचे उत्तर द्यायची वेळ आली आहे. शाळा आम्ही पाहिली होती, फी आम्ही पाहिली होती, हवा पाहिली होती. त्याला विचारले नव्हते. अनोळखी नदीवर मी स्वतः दीड दिवसांत तीन चुका केल्या, आणि हा पोर आठ महिने एका अनोळखी पाण्यात एकटा होता.

"नाही विचारलं," मी म्हटले. "चुकलंच आमचं. आता विचारतो."

तो उत्तर देणार, एवढ्यात काठी वाकली.

पुढची दहा मिनिटे कशी गेली ते मला नीट सांगता येणार नाही. रीळ करकरले, दोरी प्रवाहाच्या उलट दिशेने ताणली गेली, आबा "ढील द्या, ढील द्या" म्हणून ओरडले, सौ. चपला न घालता पाण्यापर्यंत आली आणि भावाला कधी दिला नसेल असा धीर मुलाला देऊ लागली. खडशी लागली की पहिली धाव जबरदस्त घेते, हे मी वाचले होते. त्या धावेने बारा वर्षांच्या मुलाचे दोन्ही हात थरथरताना पाहिले तेव्हा थॉमससाहेब काय म्हणत होता ते समजले. अखेर मासा उथळ पाण्यात आला. असेल किलो-दीड किलोचा. ही जात लहान मुलाच्या उंचीएवढी वाढू शकते, त्या मानाने हे पोरच. पण खवले काय, एकेक खवला रुपयाएवढा, त्यावर सोनेरी झाक, आणि परांवर निळसर छटा.

आबा पिशवी उघडून पुढे झाले. "झ्याक कालवण हुईल."

"सोडायचाय," चिरंजीव म्हणाले.

आबांनी आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिले. "सोडायचाच व्हता तर धरला कशाला?"

वाचकहो, ह्या प्रश्नाला माझ्याजवळ आजही उत्तर नाही. आबांचे म्हणणे सरळ होते आणि पोटातून आलेले होते. मी फक्त हात ओले करून मासा कसा धरायचा ते दाखवले, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग लागतो. गळ काढला, तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरायला सांगितले. कल्ले दोन-चारदा हलले, शेपटीचा एक फटकारा, आणि चिरंजीवांच्या तोंडावर पाणी उडवून खडशी उंबराखाली निघून गेली.

आबांची समजूत घालायला मी त्यांना लोणावळ्याची हकीकत सांगितली. तिथे वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७० सालापासून महाशीरची पैदास चालवली आणि पिल्ले देशभरच्या पाण्यांत सोडली. हेतू चांगलाच होता. पण त्यांतलीच खडशी कावेरीत गेली, तिथे जोमाने वाढली, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महाशीर मात्र ओसरत चालला. तो मासा वेगळ्याच जातीचा, 'तोर रेमादेवी', हे २०१८ साली अभ्यासकांनी दाखवून दिले. तोवर तो नामशेष होण्याच्या काठावर आला होता. म्हणजे आपली खडशीसुद्धा पाहुणी म्हणून परक्या नदीवर गेली आणि यजमानाच्या जिवावर उठली.

"तेच म्हनतो मी," आबा म्हणाले. "पाव्हण्यानं आधी इचारावं." आणि दोन चिलापी घेऊन ते बैलांमागे निघून गेले.

संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी मी त्याला पुन्हा विचारले. घरी यायचे आहे का? ह्या खेपेस मनापासून विचारले आणि तसे सांगितलेही, की म्हणशील ते करू. त्याने बराच विचार केला. म्हणाला, "परीक्षेपर्यंत राहतो. मग सांगतो." मग हळूच, "काठी इथे ठेवून जाल?"

गळ वसतिगृहात ठेवायला अर्थातच परवानगी मिळाली नाही. आता ती काठी आमच्या मुंबईच्या दाराआड उभी आहे आणि पुढच्या भेटीला यायची आहे. परीक्षा झाल्यावर चिरंजीवांनी आपला निर्णय कळवला: आणखी एक वर्ष राहतो, पण भेटीला येताना नदीवर जायचेच, आणि दर वर्षी असेच विचारायचे. दोन्ही अटी आम्ही मान्य केल्या आहेत.

मेव्हण्याला आम्ही त्या खडशीचा फोटो पाठवू शकलो नाही. त्या दहा मिनिटांत फोटो काढायचे कोणाला सुचलेच नाही. त्याचे उत्तर आले, 'पुरावा कुठे आहे?' सौ.ने आपल्या हाताने त्याला लिहिले, 'पुरावा सोडून दिला.'